वर्गणीची वही कुणाच्या हातात?

(मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, विहारात, तिथल्या हायस्कूलच्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे, थोडी काटछाट केली आहे.)

पोरांनो, पोरींनो, आणि दाराशी चपलांजवळ उभ्या राहिलेल्या मंडळींनो, आत या. जागा आहे.

भाषणाच्या सुरुवातीला 'मला काही बोलता येत नाही' असं म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. मी म्हणणार नाही. मला बोलता येतं. पण ते मी तुमच्या-माझ्या हायस्कुलात शिकलो नाही. तिथं पाचवी ते दहावी सहा वर्षं काढली आणि सहा वर्षांत माईक एकदाच हातात आला, तोही स्टेजवर नेऊन ठेवायला. बोलायला शिकलो ते मुंबईला, गोदीच्या गेटवर, युनियनच्या गेट मीटिंगमधी. तिथं ण आणि न कुणी तपासत नाही. गडी काय म्हणतोय एवढंच बघतात.

काल तुमच्यातली चार-पाच पोरं घरी आली. म्हणाली, दादा, यंदा गॅदरिंगवर बहिष्कार. दहावीच्या निरोप समारंभालाही जायचं नाही. आपला वेगळा कार्यक्रम इथं विहारात घ्यायचा आणि तू पाहुणा. पाहुणा व्हायला मी तयार आहे, फुकटचा हार कोण सोडतो? पण बहिष्काराचं मला नीट बोलायचंय. आईच्या चुलीपुढं बसून ते झालं नसतं, म्हणून सगळ्यांना इथं बोलावलं.

आधी कारण बघू. कारण खरं आहे. संमेलन समितीत बारा पोरं आहेत, वस्तीतलं एक नाही. वस्तीतली पोरं कुठं आहेत? व्यवस्थेत. व्यवस्था म्हणजे काय ते मला विचारा. मंडपवाल्याच्या टेम्पोतून खुर्च्या उतरवायच्या, सतरंज्या झटकून अंथरायच्या, हापशावरून पाण्याचे ड्रम भरायचे, आणि कार्यक्रम संपल्यावर बाकीचे फोटो काढत असताना त्याच सतरंज्या गुंडाळायच्या. आठवी, नववी, दहावी, तीन वर्षं मी व्यवस्थेत होतो. गोदीत लागलो तेव्हा पहिल्याच पाळीला मुकादम म्हणाला, तुला उचलायची सवय दिसते. मी म्हणालो, हायस्कूल झालंय माझं.

आता मंडळं बघा. कागदावर आपलं हायस्कूल लई भरलेलं. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, इतिहास मंडळ, इंग्रजीवाल्यांचा क्लब, हरितसेना, स्काउट-गाइड, आणि जुलैत शपथ घेणारं शालेय मंत्रिमंडळ. मतदान होत नाही, सर नावं वाचतात. सातवीत मी आरोग्यमंत्री होतो. खातं मोठं, कामं दोन. पाण्याची टाकी घासायची आणि संडासाची किल्ली सांभाळायची. त्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री होता त्याच्या बापाचं कापडाचं दुकान होतं. सरांनी खातेवाटप केलं होतं म्हणतात, मला तर वाटतं ते आमच्या जन्माच्या आधीच झालं होतं.

कुणी तुम्हाला मंडळातून हाकलत नाही, हे ध्यानात घ्या. अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या कलमानं बंद आहे आणि ते कलम सरांना पाठ आहे. म्हणून चाळण बारीक केलीय. स्काउटला युनिफॉर्म पाहिजे, तो शिवून घ्यायचा. विज्ञान मंडळाला प्रयोगाचं सामान घरून आणायचं. हस्तलिखिताला अक्षर पाहिजे. सूत्रसंचालनाला उच्चार पाहिजेत. चारही ठिकाणी जातीचा शब्द निघत नाही, आणि चारही ठिकाणी वस्तीतलं पोरगं बरोबर चाळणीतून खाली पडतं.

उच्चाराचं तर ऐकाच. ही पुढं बसलीय ती पोरगी दहा मिनिटं न अडखळता बोलते. तिला सूत्रसंचालन नाही, का? तर 'आनि' म्हणते, 'पानी' म्हणते. म्हणते तर म्हणते! तिची आई म्हणते, तिची आजी म्हणत होती. अरे, ज्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला डोकी फुटली, त्या पाण्यात न घालायचा का ण, हे आम्हाला तुम्ही शिकवणार? आणि शिकवायचं तर शिकवा ना. शाळा त्यासाठीच आहे. आठ दिवस तालीम घ्या, ण येईल. पण तालीम त्यांची घेतात ज्यांना घरूनच ण येतो. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून परिपाठात उद्देशिका वाचायची ठरली. वाचतात रोज. 'दर्जाची व संधीची समानता' वाचायला कोण उभं असतं? उच्चार चांगले असलेली मुलगी.

नववीत मी भित्तिपत्रकासाठी कविता दिली होती. आईच्या खुरप्यावर. लाल रेघ मारून परत आली. 'खुरपं' या शब्दाखाली रेघ आणि शेजारी शेरा, प्रमाण शब्द वापरावा. तेव्हापासून मी विचारत हिंडतोय. गोदीत विचारलं, कविसंमेलनात विचारलं. खुरप्याला प्रमाण शब्द काय?

बरं, मंडळं झाली. आता वर्गाची पार्टी. निरोप समारंभ म्हणा, सेंड-ऑफ म्हणा. वर्गणी काढायची, समोसा, वेफर्स, पेढा, थंडा, शाळेला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ, आणि ग्रुप फोटो. आमच्या वेळी वर्गणी दीडशे रुपये होती. तेव्हा आईची खुरपणीची मजुरी दिवसाला दीडशेच होती. म्हणजे एक समोसा, एक पेढा आणि कोपऱ्यात उभा असलेला माझा फोटो यासाठी आईनं एक दिवस उन्हात वाकायचं. ती वाकली. तक्रार केली नाही. पण पैसे चार दिवस उशिरा आले आणि ते चार दिवस माझं नाव फळ्यावर होतं. 'वर्गणी बाकी' असा मथळा, खाली अकरा नावं. अकरामधली नऊ वस्तीतली. दहावीच्या फळ्यावर माझं नाव एकदाच झळकलं, ते असं. यंदाही फळ्यावर नावं आहेत, काल कळलं मला. अक्षर मात्र छान आहे म्हणतात.

मग फिशपाँड. शेलापागोटे असं त्याचं शुद्ध नाव. डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, नाव लिहायचं नाही, स्टेजवरून वाचायच्या, आणि ज्याला पडला त्यानं हसायचं. हसला नाही तर खिलाडूवृत्ती नाही. आमच्या वर्गातल्या एका पोरीला असा फिशपाँड पडला की हिला अभ्यासाची गरज काय, हिला कमी मार्कांतही सगळं मिळतं. वर्ग हसला. सरही हसले. तिलाही हसावं लागलं. ती पोरगी वर्गात दुसरी आली होती. पहिला आणि तिच्यात तीन मार्कांचा फरक होता. त्या तीन मार्कांचा फिशपाँड कुणी टाकला नाही.

खाण्याचं बोलू का? बोलतो. नववीचं वनभोजन धरणावर होतं. डबे एकत्र करायचे, सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं, असं आठ दिवस आधी ठरलं होतं. ऐन वेळी मॅडम म्हणाल्या, ज्याचा त्यानं डबा खा. कारण सांगितलं नाही. कारण माझ्या डब्यात होतं. सुकटीची चटणी. वास सुटला होता, आणि लई भारी सुटला होता. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं, तेव्हा फळ्यामागं ठेवलेले डबे हलवायला पोरं धावली. ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या वेळी डबे पळवले नाहीत, एवढी सुधारणा. नुसते झाकले. आणि शाळेतल्या खाण्याचं म्हणाल तर २०२३ च्या नोव्हेंबरात पोषण आहारात अंडं आलं, त्यावर केवढी बोंब झाली, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं अंड्याचे पैसे बंद केले. एका अंड्याला एवढं भ्यायचं?

याच महाराष्ट्रात १९२४ साली साताऱ्याला भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र शिजवून एकत्र जेवत. तेव्हा जमलं, ते आता धरणावर जमत नाही.

तर कारण खरं आहे, एक नाही दहा आहेत. मग मी बहिष्काराला का अडतोय?

गोदीतलं सांगतो, मग कळेल. मी ठेक्यावर काम करतो. आमच्यात दोन तऱ्हेची माणसं. एक गोणी उचलणारा, दुसरा टॅली क्लार्क, म्हणजे किती गोण्या गेल्या ते लिहिणारा. आम्ही दिवसभर वाहतो, आमच्या पाठीला किती गोण्या झाल्या ते ठाऊक असतं. पण संध्याकाळी पाठीला कुणी विचारत नाही. वहीला विचारतात. वहीत कमी तर कमी. पाठ म्हणते तीनशे, वही म्हणते दोनशे ऐंशी. वीस गोण्या कुठं गेल्या? समुद्रात.

आता वर्गातली वही आठवा. वर्गणीची वही. शंभरपानी, पुठ्ठ्यावर वर्गाचं नाव. ती दर वर्षी कुणाच्या हातात असते? माझ्या वर्गात साठ पोरं होती. साठ गुणिले दीडशे, नऊ हजार रुपये. समोसे कुठून आले? वही धरणाऱ्याच्या मामाच्या दुकानातून. घड्याळ कितीला पडलं? उरले किती? हिशेब वाचून दाखवलेला मी सहा वर्षांत ऐकला नाही. चोरी झाली असं माझं म्हणणं नाही, मला ठाऊकच नाही. माझं म्हणणं एवढंच की विचारायची पद्धतच नव्हती. शाळा अनुदानित आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, शाळेचं दप्तर मागता येतं. पण पोरांची वर्गणी दप्तरात नसतेच. ती त्या शंभरपानी वहीत असते, आणि वही त्याच्या घरी.

ती वही धरणारा आज काय करतो माहीत आहे? पतसंस्थेत सचिव आहे. समितीची सभा चालवणारा, 'मी सूचना मांडतो की', 'माझं अनुमोदन आहे' असं चौदाव्या वर्षी घडाघडा म्हणणारा, तो आज दूध सोसायटीवर आहे, उद्या पंचायत समितीला उभा राहील. त्यांना काही दैवी देणगी नव्हती. त्यांना आठवीत सराव मिळाला. सभा कशी बोलवायची, विषयपत्रिका कशी लिहायची, इतिवृत्त कसं वाचायचं, आपल्याला नको तो ठराव पुढच्या सभेवर कसा ढकलायचा. हे पुस्तकात नसतं. हे मंडळात शिकतात. वाङ्मय मंडळात वाङ्मय किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मंडळ असतं. ते शिकायचं असतं. आणि आपण तेवढा वेळ बाहेर ड्रम भरत असतो.

म्हणून बहिष्कार नको म्हणतो. तुम्ही गेला नाहीत तर तिथं कुणाचं अडणार? मंडपवाला दोन पोरं जास्त आणेल. संप कुठं करायचा असतो? जिथं आपलं काम थांबलं की त्यांचं थांबतं तिथं. गोदीतल्या म्हाताऱ्या कामगारांनी मला हे शिकवलं. तुम्हाला बंदच करायचं तर व्यवस्था बंद करा. उद्यापासून सतरंजीला हात लावू नका. म्हणावं, पाळी लावा. साठ पोरं आहेत, साठांनी पाळीनं उचला, समितीतल्या बारांनी आधी. मग आम्हीही उचलू.

(मागून एक जण : 'ते नाही म्हणले तर?')

तर सतरंज्या तशाच पडू देत. सकाळी प्रार्थना त्यांच्यावरच होईल.

आता तुमच्या वेगळ्या कार्यक्रमाचं. तो करा. जरूर करा. पण तो रुसून करू नका. आपल्याला मंडळं नवी नाहीत. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. १९२५ ला सभेनं सोलापूरला वसतिगृह उघडलं. तिथली पोरं स्वतःचं मासिक चालवत होती, 'सरस्वती विलास' नावाचं. नावावर हसू नका, मासिक पोरांचं होतं. आणि मुंबईत सभेनं मोफत वाचनालय काढलं आणि हॉकी क्लब काढला. होय, हॉकी! महार हॉकी क्लब. शंभर वर्षांपूर्वी त्यांना कळलं होतं की पोराच्या हातात पुस्तक द्यावं आणि स्टिकही द्यावी, नाहीतर पत्ते येतात. पुढं सिद्धार्थ कॉलेजात पोरांची पार्लमेंट भरायची. १९५० साली तिच्यासमोर बाबासाहेब हिंदू कोड बिलावर बोलले. देशाचा कायदेमंत्री, आणि समोर कॉलेजची पोरं. तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद कॉलेजात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं, पोरांनी बसवलं, बाबासाहेबांनी बघितलं. आपल्या गॅदरिंगचा इतिहास हा आहे. 'तुमचं ते एखादं गीत बसवा' एवढाच नाही.

आणि निरोप समारंभ कसा असतो ते सांगू? १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. सत्कार आपल्या लोकांनी घडवला. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी आले होते, त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या पोराच्या हातात ठेवलं. एक पुस्तक. पुढं काय झालं ते या विहारात बसून मी तुम्हाला सांगायला नको. आणि अध्यक्ष बोल्यांनी १९२३ साली मुंबई कौन्सिलात ठराव आणला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या करायचा. पाहुणा असा निवडतात. तुम्ही मला निवडताय. सोळा वर्षांनी मी कुठलाही ठराव आणणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

पण आपल्या कार्यक्रमात काय होतं आजकाल? बॅनर. बॅनरवर बावीस तोंडं. ज्यानं डीजेचे पैसे दिले त्याचं तोंड सगळ्यात मोठं. वर्गणीचा हिशेब इथं तरी वाचला जातो का? गेल्या जयंतीचा मी विचारला तर मंडळातले आपलेच भाऊ माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या घरात शिरलो. मग शाळेतल्या वहीवर आपण कुठल्या तोंडानं बोलायचं? आणि पोरी काय करतात आपल्या कार्यक्रमात? रांगोळी आणि स्वागतगीत. त्या शाळेत व्यवस्थेत आपण, इथं व्यवस्थेत त्या. विहाराच्या मागच्या गल्लीत मातंगांची घरं आहेत, ओढ्यापलीकडं पारध्यांची पालं आहेत. तिथली पोरं तुमच्याच वर्गात बसतात, त्यांचीही नावं फळ्यावर असतात. आज त्यांतली किती आली? मी मोजली. दोन. त्यांना सांगायला कोण गेलं होतं? कुणी नाही ना? १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला तो मुक्ता साळवेनं, फुल्यांच्या शाळेतल्या मातंग पोरीनं. शाळेतल्या पोरीनं लिहिलेला निबंध छापून आला आणि आजपर्यंत टिकला. कुठल्या वाङ्मय मंडळानं तिचे उच्चार तपासले होते? फुल्यांच्या शाळेतल्या एका पोरीनं बक्षीस वाटायला आलेल्या साहेबाला सांगितलं म्हणतात की आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या. आपण समोशावर भांडतोय. समोसाही पाहिजे, मी सोडायला सांगत नाही. दोन्ही मागा.

तर उद्या मधल्या सुट्टीत वर्गाची सभा आहे ना? सगळे जा. आधी फळ्यावरची नावं पुसा. डस्टर कुणाच्या बापाचं नाही. मग सूचना मांडायची. अशी म्हणा : यंदाची वर्गणीची वही दोघांनी धरावी, त्यात एक मुलगी, आणि समारंभाच्या दुसऱ्या दिवशी हिशेब पैशापैशासकट वर्गाच्या दारावर चिकटवावा. ज्याला वर्गणी झेपत नाही त्यानं झेपेल तेवढी द्यावी, आणि ते आकडे नावासकट वाचू नयेत. याला कोण नाही म्हणेल? कापडवाल्याचं पोरगंसुद्धा उघड नाही म्हणू शकत नाही. वर्गात त्याच्यासारखी पाच आहेत, आणि शेतमजुरांची, हमालांची, विटभट्टीवाल्यांची चाळीस. त्यात मराठ्यांची आहेत, धनगरांची आहेत, मुसलमानांची आहेत. त्यांच्याही आया वाकतात. त्यांना सभेच्या आधी जाऊन भेटा. आज रात्रीच. सूचना मांडून मग इकडंतिकडं बघायचं नसतं, अनुमोदन देणारा आधी ठरवून ठेवायचा असतो. सर म्हणतील, हे सगळं कशाला, आपण एका कुटुंबासारखे आहोत. म्हणावं, हो सर, कुटुंबातसुद्धा हिशेब असतो.

फिशपाँडच्या चिठ्ठ्या आधी दोघांनी वाचाव्यात हेही घाला. आणि सूत्रसंचालनाचं, ताई, तू स्वतः उभी राहून माग. दुसऱ्या कुणी तुझ्यासाठी मागायचं नाही. 'आनि' म्हणूनच माग. ण येईपर्यंत थांबलीस तर दहावी संपेल.

सूचक कोण होणार? ... हात वर करा. एक. अजून? ... बरं, तीन. अनुमोदनाला ओढ्यापलीकडच्या दोघांतला एक पाहिजे. ये रे पुढं, लाजू नको. ही वही घ्या, मुंबईहून आणलीय, दोनशेपानी आहे. पहिल्या पानावर उद्याची तारीख टाका, हजर असलेल्यांची नावं लिहा, आणि कुणी काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहा, खुरपं म्हटलं तर खुरपं. विहाराच्या कार्यक्रमाचा हिशेब मागच्या पानापासून सुरू करा. मला साडेनऊची एसटी गाठायचीय, परवा सकाळी गोदीत हजेरी आहे. काय झालं ते पत्रानं नको, फोनवर सांगा, रात्री आठनंतर.